सोळा नग

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. १९७९ चं मॉडेल. मूळचा रंग पांढरा, आता सायीसारखा पिवळट. २०१४ साली तिची नोंदणी संपली, ती पुन्हा केली नाही, आणि तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. तिच्या सोबतीला सोयाबीनची पोती, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. उन्हाळ्यात टप मोकळा दिसला की आई त्यावर कुरडया वाळत घालते.

दादांनी ही गाडी १९९८ मध्ये मुंबईच्या एका माणसाकडून जुनी घेतली. मी तेव्हा एक वर्षाचा होतो. कळंबात जीपा बऱ्याच होत्या, पण चार दारांची, गादीच्या सीटची गाडी आमच्या गल्लीत पहिलीच. दादा शेती करायचे आणि कुणाला गरज पडली की गाडी काढायचे. लग्नाचा नवरदेव, चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला निघालेल्या म्हाताऱ्या, लातूरला दवाखान्यात न्यायची बाळंतीण. लोक पेट्रोल टाकायचे, वर हातावर काही ठेवायचे. कुणी नाही ठेवलं तरी दादा मागायचे नाहीत, आणि त्यावरून घरात भांडण व्हायचं.

पण ही गाडी सगळ्यांत जास्त धावली ती बार्शीला. कळंबहून येरमाळ्यावरून बार्शी पन्नासेक किलोमीटर. तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवण्याचं देशातलं पहिलं काम १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झालं, हे मला फार पुढे कळलं. आमच्याकडे तेव्हा 'बार्शीला नेलंय' एवढंच म्हणायचे. बाकीचं ऐकणाऱ्याला समजायचं.

२००५ मध्ये आजीला बार्शीला नेलं. मी आठ वर्षांचा. सुट्टी असली की मीही मागच्या सीटवर बसायचो. आजी डाव्या बाजूला, खिडकीशी. जाताना ती बोलायची, शेतं बघायची, कुणाची तूर कशी आलीय ते सांगायची. येताना डोळे मिटून, डाव्या हाताने दाराचं आतलं हँडल घट्ट धरून बसायची. ते हँडल म्हणजे बोटभर लांबीचा चकचकीत दांडा. खड्डा आला की तिची बोटं पांढरी व्हायची. दार उघडेल म्हणून दादा मागे वळून ओरडायचे, "माय, हँडल सोड की!" ती सोडायची नाही. मग दादांनी त्या दाराच्या खटक्याला तारेचा एक आकडा करून बसवला, म्हणजे हँडल ओढलं तरी दार उघडणार नाही. पुढच्या वर्षी आजी गेली. आकडा तसाच राहिला.

*

गाडी पुन्हा उभी करायचं माझ्या डोक्यात गेल्या वर्षी आलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, हातात थोडे पैसे असतात आणि वाया घालवायला शनिवार-रविवार असतात. इंजिनचं काम कळंबातले एक जुने मिस्त्री करणार होते. १,०८९ सीसीचं ते इंजिन त्यांना तोंडपाठ आहे. पत्रा आणि रंग हे मोठं खर्चाचं काम, ते नंतर. मग माझ्या वाट्याला काय येतं? जे पिशवीत घालून पुण्याला नेता येईल ते. म्हणजे आतली चकाकणारी सगळी बारीकसारीक लोखंड-लक्कड.

बाहेरून गाडी म्हणजे बंपर आणि ग्रिल असं वाटतं. आत बसल्यावर हात ज्याला लागतात त्या गोष्टी वेगळ्याच. काच खालीवर करायची हँडलं, दारांची आतली हँडलं, पुढच्या दारांना असलेल्या तिकोनी काचेच्या कड्या, स्टिअरिंगवरची हॉर्नची अर्धगोल रिंग, ॲश-ट्रेचं झाकण, आरशाचा दांडा, आतल्या दिव्याची चौकट. मी दसऱ्याच्या सुट्टीत दोन दिवस बसून सगळं काढलं. काचेचं हँडल काढायचं तर मागची चकती दाबून धरायची आणि आतली पिन बारीक खिळ्याने ठोकून काढायची. पिना उडतात. एक पिन अजून शेडमध्ये कुठेतरी आहे.

सगळे मिळून २६ नग निघाले. मी पंचा अंथरून ते ओळीने मांडले, फोटो काढले, प्रत्येकाला नंबर दिला. दादा चहाचा कप घेऊन उभे राहून बघत होते.

"काय करायलास ह्याचं?"

"प्लेटिंग. नवीन क्रोम चढवायचं."

"चढवून?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "चांगलं दिसेल."

दादा कप विसळायला गेले.

*

ही गाडी आपल्याच बाजूच्या माणसाची, असं मी मित्रांना थोडं ताणून सांगतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढली. त्यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. आणि पुढे जहाजं, विमानं, मोटारी अशा सगळ्यात हात घालणाऱ्या ह्या माणसाने ठेकेदारीची सुरुवात केली ती बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून. ती छोटी रेल्वे पुढे येडशीवरून लातूरला गेली. येडशी म्हणजे आमच्या शेजारचं गाव. फियाटचं तंत्र घेऊन कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनत गेल्या. पन्नासच्या दशकातली गोलमटोल फियाट लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली आणि तिचंच नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईत मात्र काळी-पिवळी म्हणून ती त्यानंतरही वीस वर्षं पळत राहिली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागू असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही अधिकृतपणे रस्त्यावरून गेली.

मला लागणारे सुटे भाग मिळाले ते ह्या मेलेल्या टॅक्सींतून.

आधी मी पुण्याचा जुना बाजार धुंडाळला. बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर गेलं तर ताडपत्रीवर ढिगाने लोखंड पडलेलं असतं: नळ, कुलपं, स्कूटरचे स्पीडोमीटर, कुणाच्या तरी शाळेची घंटा. पद्मिनीचं एखादं हँडल सापडतं, पण एखादंच. विकणाऱ्याला ते कशाचं हे माहीत नसतं, म्हणून स्वस्त असतं. आपण "हे पद्मिनीचं ना?" असं उत्साहाने विचारलं की दुप्पट होतं. दोन रविवार घालवून मी गप्प बसायला शिकलो.

मग कुर्ला. जिथे ही गाडी जन्मली तिथेच तिची भंगारात खांडोळी होत होती, ह्याची गंमत मला वाटली. दुकानदाराला अजिबात वाटली नाही. त्याने एक गोणी माझ्यापुढे ओतली. काचेची हँडलंच हँडलं. शंभर तरी असतील.

त्या ढिगाऱ्यासमोर बसून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली: मुंबईचं क्रोम आणि कळंबचं क्रोम वेगळं मरतं. मुंबईत खारी दमट हवा. क्रोमच्या अदृश्य भेगांतून ओल आत जाते आणि आतला धातू फुगतो. वरून बघितलं तर देवीच्या व्रणांसारखे फोड. कळंबात हवा कोरडी, पण बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं त्या पाण्याने पुसलेल्या हँडलांवर पांढरट खपली चढलेली, खाली मात्र धातू बऱ्यापैकी धड. आमचे जुने नग त्या गोणीतल्या बहुतेक नगांपेक्षा चांगले होते.

दुसरी: डाव्या मागच्या दाराचं आतलं हँडल मिळत नाही. उजव्याचं मिळतं, पुढच्यांचं मिळतं. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते आणि टॅक्सीतला प्रवासी डाव्या मागच्या दारानेच उतरतो. वीस वर्षं, दिवसाला वीस-तीस उतारू. ते हँडल आधी झिजतं, मग सैल होतं, मग मोडतं. दुकानदार म्हणाला, "वो वाला नहीं आता, आता है तो ऐसा आता है," आणि एक हँडल माझ्या हातात ठेवलं. क्रोम पार गेलेलं, निकेलही गेलेलं, टोकाकडे बोटांनी खोलगट झालेलं, करड्या रंगाचं. दीडशे रुपये. आमच्याकडे आजीचं हँडल चांगलंच होतं, त्यामुळे हे घ्यायची गरज नव्हती. तरी घेतलं. जास्तीचं असावं म्हणून.

जुना बाजार आणि कुर्ला मिळून ६,२०० रुपये गेले.

*

लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर भपकन उठायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ती चांदी सगळ्या अंगभर फिरवायची. मी तासभर बघत बसायचो. आजीला चकाकीशी काही देणंघेणं नव्हतं. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, म्हणून कल्हई. कल्हई उडाली की पुन्हा करायची, त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

क्रोम प्लेटिंग म्हणजे मला तशीच काहीतरी मोठी कल्हई वाटायची. तसं नाही. पहिली चूक अशी की ती चकाकी क्रोमची आहे, असं आपण समजतो. क्रोमचा थर असतो पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा नाही. इतक्या पातळ पापुद्र्याने खड्डा भरत नाही, ओरखडा झाकत नाही. आपल्याला दिसते ती खालच्या निकेलची चकाकी. निकेल एकटं असलं तर हळूहळू पिवळसर पडतं. क्रोम ते पडू देत नाही आणि वर किंचित निळी झाक देतं. निकेलच्या खाली तांबं. आणि तांब्याच्या खाली बफिंग करणाऱ्या माणसाचा हात. खरं काम तिथे होतं. धातू जेवढा गुळगुळीत, तेवढीच वरची चकाकी. वरून काहीही चढवा, खालचा खड्डा खड्डाच दिसतो.

आधी जुना थर काढायचा. मग घासायचं, पॉलिश करायचं, तेलकटपणा घालवायचा. मग तांब्याची टाकी, मग निकेलची, मग क्रोमची. निकेलचं गणित मला फार आवडलं, कारण ते फॅरेडेने सांगितल्याप्रमाणे सरळ चालतं: जेवढा करंट, जेवढा वेळ, तेवढा धातू. एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागाला चार अँपियर दिले तर साधारण पंचवीस मिनिटांत वीस मायक्रॉन निकेल बसतं. पण करंट सगळीकडे सारखा जात नाही. कडा आणि टोकं जास्त ओढून घेतात, खाचा उपाशी राहतात. म्हणून हँडलाच्या आतल्या वळणात क्रोम सगळ्यांत आधी उडालेलं दिसतं. ते वापराने गेलेलं नसतं. तिथे पहिल्यापासूनच कमी होतं.

क्रोमचं गणित मात्र गळकं आहे. टाकीतला बहुतेक करंट, ऐंशी-नव्वद टक्के, धातू बसवण्यात जातच नाही. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. हे बुडबुडे वर येऊन फुटतात तेव्हा टाकीतल्या क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. हे षट्संयुजी क्रोमियम. त्याने कॅन्सर होतो, ह्याबद्दल आता शंका उरलेली नाही. म्हणून टाकीवर हवा ओढून घेणारा पंखा हवा, पाण्यावर तरंगणारे प्लॅस्टिकचे चेंडू किंवा तुषार दाबणारं रसायन हवं, आणि वापरलेलं पाणी गटारात न सोडता त्यावर आधी प्रक्रिया हवी.

हे सगळं मी वाचलं होतं. वाचून झाल्यावर मी जो प्लेटर सगळ्यांत स्वस्तात तयार झाला त्याच्याकडे गेलो.

*

पुण्याच्या औद्योगिक भागातलं एक शेड. नाव सांगत नाही. दारातच बफिंगची मशिनं. काळ्या धुळीने माखलेले दोघं, तोंडाला फडकी. आत टाक्या. मालक चांगला बोलला. नग उलटसुलट करून बघितले, पाठीमागे कानशीने एक रेघ ओढली आणि सांगितलं, "हे लोखंड, हे पितळ, आणि हे सगळे मझाक."

मझाक म्हणजे जस्ताचं मिश्रण, साच्यात ओतून बनवलेलं. लोहचुंबकाला चिकटत नाही, पितळेपेक्षा हलकं, खरवडलं तर करडं. आपल्या जुन्या गाड्यांची, कपाटांची, नळांची कितीतरी हँडलं मझाकची. स्वस्त, सुबक आणि नाजूक. जस्त ॲसिडमध्येही विरघळतं आणि कॉस्टिकमध्येही. म्हणजे जुनं क्रोम काढायला ज्यात बुडवायचं, त्याच्यातच हँडलही जाऊ शकतं. निकेलचा थर धड असेल तर तो आतल्याला वाचवतो. एखादं सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर ॲसिड त्यातून आत शिरतं.

"मझाकचं बघून करावं लागतं," मालक म्हणाला. "होऊन जाईल."

मी २६ पैकी १७ नग दिले. ड्रायव्हरच्या बाजूचे आणि डॅशबोर्डवरचे नऊ दुसऱ्या खेपेला ठरवले. नगामागे १,१५० रुपये ठरले, कच्च्या पावतीवर.

क्रोमच्या टाकीपाशी पन्नाशीचा एक माणूस होता. हातात रबरी मोजे, तोंड उघडं. टाकीवर पंखा होता, तो बंद होता. चेंडू नव्हते. हवेत एक आंबट, धातूची चव होती, जिभेवर बसणारी. मी नग कसे टांगतात ते बघत उभा राहिलो तेव्हा त्याने विचारलं, "कुठले?"

"कळंब."

"धाराशिवचं कळंब? मग पाहुणेच की. आमी केजचे."

केज म्हणजे आमच्यापासून हाकेवर. त्याने गावाकडचा पाऊस विचारला, मांजरा धरणाचं पाणी विचारलं. बोलता बोलता बाहीने नाक पुसलं; बाहीवर रक्ताची पुसट रेघ आली. मी बघितलेलं त्याने बघितलं.

"ते काय नाही," तो म्हणाला. "नाकाचा पडदा गेलाय आतून. ह्या लायनीत समद्यांचा जातो. सुरुवातीला आग होती. भोक पडलं की मग काय दुखत नाही."

मी विचारलं, मालकाला सांगितलं का, डॉक्टरला दाखवलं का. तो हसला. "एकवीस वर्षं झाली. आता पोरीचं लग्न झालं की जातो गावाकडं."

मी तिथून माझे नग उचलून निघालो नाही. हे लिहायला मला तीन आठवडे लागले आहेत. मी मान हलवली, "काळजी घ्या" म्हणालो, आणि मालकाला ॲडव्हान्स देऊन बाहेर आलो. रस्त्यावर चहा प्यायलो. चहालाही तीच चव लागली.

*

बारा दिवसांनी फोन आला. नग तयार.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकेक वस्तू मालकाने उलगडली. काय दिसत होत्या! हॉर्नची रिंग बघितली तर त्यात ट्यूबलाइट, मी, मागचं दार, सगळं वाकून आलेलं. मी मोजले. सोळा.

"एक गेला," मालक म्हणाला. टेबलाच्या खणातून त्याने एक पुडी काढली. आत करडा, छिद्राछिद्रांचा एक तुकडा होता, पावसात भिजलेल्या बिस्किटासारखा. "ॲसिडमध्ये राहिला. आतून पोकळच झाला होता. त्याचे पैसे लावले नाहीत."

मी नंबर बघायला गेलो. चिठ्ठी अर्थातच नव्हती. पण उरलेल्या सोळा नगांत डाव्या मागच्या दाराचं हँडल नव्हतं.

१६ नगांचे १,१५० प्रमाणे १८,४०० रुपये. मी दिले. भांडलो नाही. आपण स्वस्तातलं दार ठोठावलेलं असतं तेव्हा भांडायला तोंड उरत नाही. केजचे पाहुणे त्या दिवशी टाकीपाशी नव्हते. मी विचारलंही नाही. पुडी मात्र पाकिटात ठेवली.

त्या रात्री झोप आली नाही. एका हँडलासाठी एवढं काय, असं मी स्वतःला समजावत होतो. आजीचे फोटो आहेत, तिची पोत आईच्या गळ्यात आहे. पण फोटोला तिने घट्ट धरलं नव्हतं. आणि ते हँडल मोडकं नव्हतं, गंजलेलं नव्हतं, दार उघडत होतं. त्याचा एकच दोष होता. ते चकाकत नव्हतं.

*

दिवाळीला सोळा नग घेऊन घरी गेलो. सोयाबीनची रास नुकतीच झाली होती. त्या वर्षी हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटलला, आणि दादांनी आडतीवर विकली ४,१०० ने. हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची तपासणी, मग पैशाची वाट. आणि रब्बीच्या पेरणीला पैसे आज हवे होते.

नग बघून आई म्हणाली, "अगं बाई, चांदीचेच की." दादांनी काचेचं हँडल हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं.

"किती लागले?"

"सहा हजार."

"सगळे मिळून?"

"हो."

मी हे ठरवून बोललो नव्हतो. बाजारात शिकलेलं गप्प बसणं असेल. त्यांनी मान हलवली, म्हणजे सहा हजारही त्यांना जास्तच वाटले. सतरावा नग त्यांनी मोजला नाही, मी सांगितला नाही.

पाडव्याला दुपारी आम्ही नग बसवायला घेतले. पिना बसवण्यात दादांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी बरा. तिन्ही दारं झाली. डाव्या मागच्या दाराशी ते थांबले. तारेचा आकडा अजून तिथे होता, गंजून तांबडा झालेला. त्यांनी तो बोटाने हलवला.

"मायचं हँडल कुठाय?"

मी पाकिटातली पुडी काढून दिली. ती उघडताना आतून आणखी एक कागद पडला. घडी घातलेली कच्ची पावती. दादांनी वाकून उचलली, चष्मा कपाळावर होता तो खाली घेतला, वाचली. मग मी उरलेलंही सांगितलं: कुर्ल्याचे आणि जुन्या बाजाराचे ६,२००. एकूण २४,६००.

शेडमध्ये पोती होती, ज्यातली रास विकून झाली होती ती रिकामी, थप्पी लावलेली. दादांनी त्यांच्याकडे बघितलं. मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. चोवीस हजार सहाशे भागिले एक्केचाळीसशे.

"सहा क्विंटल," ते म्हणाले.

आमच्या कोरडवाहू रानात चांगल्या साली एका एकराची रास.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "तुझे पैशे हायेत," ते म्हणाले. "त्याचं काय नाही. खोटं कशाला बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता काय बरं वाटायलंय?"

मग मी त्यांना नाकातून रक्त येणाऱ्या माणसाचंही सांगितलं. का ते माहीत नाही. बहुतेक सगळंच बाहेर काढायचं होतं म्हणून. दादांनी त्याचं गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव मला माहीत नव्हतं. "एवढं बोललास अन् नाव नाही विचारलं," ते म्हणाले, आणि हे मला पावतीपेक्षा जास्त लागलं. पुण्याला परतल्यावर मी त्या शेडवर एकदा जाऊन आलो. पंखा बंदच होता, आणि ते काम सोडून गेले होते. गावाकडे की दुसऱ्या टाकीवर, कुणाला सांगता आलं नाही.

उरलेले नऊ नग मी दिले नाहीत. त्यातले लोखंडाचे दोन होते, ते ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, व्हिनेगरमध्ये भिजवून घासले. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, ओरखडे उठत नाहीत, गंज मात्र निघतो. बाकीचे साबणाच्या पाण्याने धुतले. बोअरचं नाही, फिल्टरचं पाणी घेतलं. ते तसेच आहेत: मध्ये चमक, कडांना पिवळट निकेल, खाचांत करडं. आता आमच्या गाडीची उजवी पुढची बाजू म्हातारी आणि बाकीची नवी दिसते.

गाडीला रस्त्यावर यायला वेळ आहे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० चं ५,००० झालं होतं, वर पर्यावरण कर, वर इतक्या वर्षांचा विलंब. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आमचीला त्यासाठी २०२९ उजाडावं लागेल. दादा म्हणतात, तोवर मी राहतो, गाडीचं तू बघ.

पण हे सगळं नंतरचं. पाडव्याच्या दुपारी आम्ही दोघं त्या उघड्या दारापाशी उभे होतो. हँडलाच्या जागी नुसतं चौकोनी टोक बाहेर आलेलं. मी पिशवीतून कुर्ल्याचं ते झिजलेलं हँडल काढलं, जास्तीचं म्हणून घेतलेलं. दादांनी ते उजेडात धरून बघितलं, खोलगट झालेल्या जागी अंगठा ठेवला. बसला. मग टोकावर चढवलं, पिन ठोकली, आणि पक्कडीने तारेचा आकडा वाकवून काढून टाकला. हँडल ओढलं. दार उघडलं. दोनदा उघडझाप करून बघितली.

"ह्याचं किती?"

"दीडशे."

दादांनी माझ्याकडे बघितलं.

"खरं?"

"खरं."